वेगवान सलग हालचाल आणि मेंदूची प्रक्रियामर्यादा : खो-खोच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

खो-खोच्या मैदानावर एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. आक्रमक गडी पळतीच्या खेळाडूच्या अगदी पाठीशी आलेला असतो. दोघांमधील अंतर हातभर उरलेले असते. त्याच क्षणी पळतीचा खेळाडू सरळ पुढे जाण्याचा आव आणून दोन बैठ्या गड्यांमधून पलीकडच्या बाजूस निसटतो आणि आक्रमकाचा पसरलेला हात रिकामाच राहतो. मैदानाबाहेर उभे असलेले क्रीडाशिक्षक बहुधा एकच शेरा मारतात, 'पाय कमी पडले.' दुसऱ्या दिवशीच्या सरावात त्या विद्यार्थ्याला मैदानाच्या दहा फेऱ्या अधिक माराव्या लागतात.

हा शेरा अनेकदा चुकीचा असतो. ज्या विद्यार्थ्याचा धावण्याचा वेग पळतीच्या खेळाडूहून अधिक आहे, त्याचाही हात रिकामा राहतो. पाय कमी पडण्यापूर्वीच काळ कमी पडलेला असतो आणि तो काळ स्नायूंमध्ये नव्हे, तर ज्ञानेंद्रिये, मेंदू व मज्जातंतू यांच्यामध्ये खर्च झालेला असतो. वेगवान आणि सलग हालचाल करताना मेंदूच्या प्रक्रियाक्षमतेवर कोणत्या मर्यादा पडतात, त्या मर्यादांचा सामना शरीर कसे करते आणि सरावाच्या पद्धतीशी त्याचा संबंध काय, याचे विवेचन येथे खो-खो या महाराष्ट्रात घडलेल्या खेळाच्या आधारे केलेले आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांची चौकट दिली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे खेळाडू होते. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्या गोष्टी दिवे, कळा आणि घड्याळे लावून मोजल्या गेल्या, त्यांपैकी बहुतेक या खेळात उघड्या मैदानावर घडताना दिसतात.

संदेशाच्या प्रवासाला लागणारा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मज्जातंतूतील संदेश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो, अशी समजूत होती. योहानेस म्युलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाचेही मत असे होते की, हा वेग मोजताच येणार नाही. त्यांचेच शिष्य हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला आणि तो सेकंदाला सुमारे २७ मीटर इतकाच भरला. मनुष्याच्या मोठ्या मज्जातंतूंत हा वेग याहून अधिक, म्हणजे सेकंदाला ५० मीटर व त्यापुढे असतो. तरीही तो मर्यादितच आहे. पुढे १८६८ मध्ये डच वैद्यक फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी साध्या प्रतिक्रियेस लागणारा काळ आणि निवड करून द्यावयाच्या प्रतिक्रियेस लागणारा काळ यांची वजाबाकी केली. निर्णय घेण्याच्या मानसिक क्रियेलाही मोजता येण्याजोगा काळ लागतो, हे त्यावरून प्रथमच सिद्ध झाले.

आजच्या ज्ञानानुसार या काळाचा हिशेब ढोबळमानाने असा मांडता येतो. डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या दृश्याचा संदेश मेंदूच्या दृष्टिकेंद्रापर्यंत पोहोचण्यास ५० मिलिसेकंदांच्या आसपास काळ लागतो. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग होय.) मेंदूने दिलेली आज्ञा पायाच्या स्नायूपर्यंत जाण्यास सुमारे ३० मिलिसेकंद लागतात आणि स्नायूत प्रत्यक्ष ताण निर्माण होण्यास आणखी ३० ते ५० मिलिसेकंद जातात. उरलेला काळ 'काय दिसले' आणि 'काय करावे' हे ठरविण्याचा असतो. दृश्य संकेताला दिलेली अगदी साधी प्रतिक्रियाही त्यामुळे सुमारे १८० ते २०० मिलिसेकंदांच्या आत सहसा येत नाही.

दोनशे मिलिसेकंद हा आकडा कागदावर नगण्य वाटतो. परंतु सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारा खेळाडू एवढ्या काळात १.२ मीटर अंतर कापतो. म्हणजे आक्रमकाला पळतीचा खेळाडू जिथे 'दिसतो' असे वाटते, त्या जागी तो नसतोच आणि आक्रमकाची प्रतिक्रिया सुरू होईपर्यंत तो हाताच्या टप्प्यापलीकडे गेलेला असतो. क्रिकेटमध्येही असेच घडते. पीटर मॅकलिऑड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टप्पा पडल्यावर चेंडू अनपेक्षितपणे वळेल अशी व्यवस्था केली होती. त्यात असे आढळले की, कसोटी दर्जाच्या फलंदाजांनाही आपली बॅट वळविण्यास सुमारे २०० मिलिसेकंद लागले. उत्तम खेळाडूचे मज्जातंतू सामान्य माणसाच्या मज्जातंतूंपेक्षा फारसे वेगळे नसतात, हा निष्कर्ष अनेक प्रशिक्षकांना आजही पचनी पडत नाही.

'खो' या आज्ञेचे शास्त्र

या पार्श्वभूमीवर खो-खोचे नियम पाहिले असता त्यांतील शहाणपण लक्षात येते. पारंपरिक खेळात २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदानाच्या मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा गडी पाठलाग करतो. बसलेल्या गड्याला 'खो' पाठीमागून, हाताच्या स्पर्शाने आणि मोठ्याने उच्चार करून द्यावा लागतो. स्पर्श आणि ध्वनी यांना मिळणारी प्रतिक्रिया दृश्याला मिळणाऱ्या प्रतिक्रियेपेक्षा जलद असते. ती साधारण १४० ते १६० मिलिसेकंदांत येते. शिवाय दोन ज्ञानेंद्रियांवर एकाच वेळी संकेत पोहोचला तर प्रतिक्रिया एकट्या संकेताच्या तुलनेत आणखी थोडी लवकर होते, असे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्या प्रयोगांत आढळलेले आहे. ज्यांनी हा नियम केला त्यांच्यापुढे हे प्रयोग होते असे मानण्याचे कारण नाही. मात्र अनुभवाने त्यांनी शरीरातील सर्वांत जलद वाट निवडली, हे खरे.

दुसरा मुद्दा निवडीचा आहे. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये व रे हायमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, पर्यायांची संख्या दुप्पट झाली की प्रतिक्रियाकालात प्रत्येक वेळी जवळपास सारखीच भर पडते. एकाचे दोन पर्याय झाले तरी भर पडते आणि चाराचे आठ झाले तरी साधारण तेवढीच पडते. आता खो-खोमधील गड्यांकडे पाहू. पाठलाग करणाऱ्याला समोर आठ गडी दिसत असले तरी ज्यांची पाठ त्याच्याकडे आहे अशा चौघांनाच तो खो देऊ शकतो आणि धावण्याची दिशा एकदा घेतली की त्यांपैकी पुढे असणारे एक-दोनच उरतात. उठणाऱ्या गड्यापुढे तर डावीकडे की उजवीकडे, असे दोनच पर्याय असतात. याउलट पळतीच्या खेळाडूला मैदानात कोणत्याही दिशेने जाण्याची मुभा असते. वरवर पाहता नियम आक्रमकावर अन्याय करणारे वाटतात, कारण त्याने मधली पाटी ओलांडावयाची नाही, मागे वळावयाचे नाही आणि खांद्याची रेषा उलट फिरवावयाची नाही. परंतु याच बंधनांमुळे त्याच्या मेंदूवरील निवडीचा भार कमी होतो आणि साखळी पद्धतीने एकामागून एक खो देत जाणारा संघ पळतीच्या खेळाडूपेक्षा कमी वेगाने धावूनही त्याला कोंडीत पकडू शकतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत 'वजीर' नावाच्या एका आक्रमकाला कोणत्याही दिशेने धावण्याची सवलत देण्यात आली. या सवलतीने वजिराचे सामर्थ्य वाढते हे उघड आहे. त्याचबरोबर त्याच्यापुढील पर्यायही वाढतात, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. अननुभवी वजीर क्षणभर थबकतो, तो यामुळे.

हुलकावणी आणि एकमार्गी मेंदू

खो-खोचा आत्मा हुलकावणीत आहे आणि मेंदूची सर्वांत ठळक मर्यादाही तिथेच उघडी पडते. चार्ल्स टेलफोर्ड यांनी १९३१ मध्ये असे नोंदविले की, एका संकेतापाठोपाठ लगेच दुसरा संकेत आला तर दुसऱ्याला मिळणारी प्रतिक्रिया नेहमीपेक्षा बरीच उशिरा येते. मज्जातंतू एकदा उद्दीपित झाल्यावर काही क्षण दुसऱ्या उद्दीपनास दाद देत नाही. त्या साम्यावरून या घटनेस मानसिक अनुत्तेजन काल असे म्हणता येईल. ए. टी. वेलफोर्ड यांनी १९५२ मध्ये याचे स्पष्टीकरण 'एकमार्गी' मेंदूच्या कल्पनेने केले. डोळे अनेक गोष्टी एकाच वेळी पाहू शकतात, हातपाय अनेक हालचाली एकाच वेळी करू शकतात, परंतु 'या संकेताला हे उत्तर' असे ठरविण्याची मधली जागा अरुंद पुलासारखी आहे. पहिले वाहन पुलावर असेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते.

हुलकावणी देणारा खेळाडू नेमके हेच करतो. तो खांदा किंवा पाऊल एका बाजूस टाकतो, हा पहिला संकेत. आक्रमकाचा मेंदू त्याला उत्तर ठरवू लागतो. तेवढ्यात खेळाडू खऱ्या दिशेने वळतो, हा दुसरा संकेत. आक्रमकाच्या डोळ्यांना तो दिसलेला असतो, परंतु पहिल्या संकेताचे काम संपल्याशिवाय त्याची दखल घेतली जात नाही. या विलंबाच्या प्रत्येक शंभर मिलिसेकंदांत सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारा खेळाडू ६० सेंटीमीटर अधिक दूर जातो.

येथे वेळेचे गणित फार नाजूक असते. दोन हालचालींमध्ये ४०–५० मिलिसेकंदांपेक्षाही कमी अंतर राहिले, तर समोरच्याचा मेंदू दोन्हींना मिळून एकच संकेत मानतो आणि फसत नाही. अंतर तीनशे मिलिसेकंदांच्या पुढे गेले, तर पहिल्याचे काम उरकून तो दुसऱ्यासाठी मोकळा झालेला असतो. परिणामकारक हुलकावणी या दोहोंच्या मध्ये, आणि खालच्या टोकाच्या जवळ, बसते. नवशिके खेळाडू खांदा पाडतात, थांबतात आणि मग वळतात. त्यांची हुलकावणी दिसावयास मोठी, पण निरुपयोगी असते. पहिली हालचाल खरी वाटण्याइतकी पूर्ण हवी आणि तिच्यात अडकून पडण्याइतकी मोठी नको, हे तत्त्व जुन्या खेळाडूंना पुस्तकावाचून ठाऊक असते.

आक्रमकाला पहिली प्रतिक्रिया रद्द करता येत नाही काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. येते, परंतु त्यालाही काळ लागतो. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार 'कर' आणि 'थांब' या दोन प्रक्रियांची शर्यत लागते आणि 'थांब' या प्रक्रियेला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. पहिली आज्ञा तोपर्यंत पायांपर्यंत पोहोचली असेल, तर ती परत बोलावता येत नाही. इतर खेळांत चूक सुधारण्यास वाव असतो. खो-खोत मात्र घेतलेली दिशा नियमानेच बांधून टाकलेली असल्याने आक्रमकापुढे खो देणे किंवा खांबापर्यंत धावत जाणे एवढेच मार्ग उरतात. बैठ्या गड्याची अडचण याच जातीची आहे. खो मिळण्यापूर्वी उठल्यास नियमभंग होतो, म्हणून त्याला अंदाजाने तयार राहावे लागते आणि सहकाऱ्याने ऐनवेळी खो न देता पुढे धाव घेतली, तर स्वतःला रोखावेही लागते. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर एक दशांश सेकंदाच्या आत हालचाल झाली तर ती प्रतिक्रिया नसून अंदाज आहे असे मानून चुकीचा आरंभ ठरविला जातो. बैठ्या गड्याच्या बाबतीत हा निवाडा पंचाच्या नजरेवर सोपविलेला आहे आणि पंचाची नजरही याच मर्यादांनी बांधलेली आहे.

सलगपणाचा भास

धावणारा खेळाडू पाहताना हालचाल पाण्याच्या धारेसारखी अखंड वाटते. तिचे नियंत्रण मात्र अखंड नसते. केनेथ क्रेक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लक्ष्याचा सतत माग ठेवणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास केला. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे मांडलेले आहे की, मनुष्य सतत दुरुस्ती करीत नसून सुमारे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तुटक दुरुस्त्या करतो. दोन दुरुस्त्यांमधली हालचाल आधी ठरलेल्या आराखड्यानुसार पार पडते. स्टीव्हन कील आणि मायकेल पोस्नर यांनी १९६८ मध्ये हाताची हालचाल सुरू होताच खोलीतील दिवा मालवून पाहिला. सुमारे १९० मिलिसेकंदांत संपणाऱ्या हालचालीच्या अचूकतेत दिवा असण्या-नसण्याने फरक पडला नाही, याहून संथ हालचालींत मात्र पडला. नंतरच्या प्रयोगांनी दृष्टीच्या उपयोगाचा हा किमान काळ शंभर मिलिसेकंदांच्या जवळपास आणला आहे, तथापि मूळ मुद्दा कायम आहे.

खांबावर मारलेला सूर हे याचे उत्तम उदाहरण होय. पाय जमिनीवरून सुटल्यावर शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग बदलणे भौतिकशास्त्रानेच अशक्य केलेले असते. हाताची दिशा किंचित बदलता येते, एवढेच. म्हणजे सुराचे यश पाय सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. तरीही सरावात 'सूर मारताना नजर गड्यावर ठेव' अशी सूचना सर्रास दिली जाते. नजर ठेवावयाची ती सुरापूर्वीच्या दोन पावलांत.

तबल्याचा दाखला

एक-एक हालचाल ठरविण्यास एवढा काळ लागतो, तर तबलावादक द्रुत लयीत सेकंदाला दहाहून अधिक आघात कसे करू शकतो? हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात कार्ल लॅश्ली यांनी १९५१ मध्ये उपस्थित केला होता. वादकाची बोटे सेकंदाला सोळापर्यंत हालचाली करतात. एका आघाताची संवेदना मेंदूत पोहोचून तिच्यावरून पुढचा आघात ठरत असेल, तर हे अशक्य आहे. यावरून, हालचालींचा संपूर्ण क्रम आधीच रचलेला असतो व तो एकत्रितपणे सोडला जातो, असे त्यांनी प्रतिपादन केले. फ्रँकलिन हेन्री आणि डोनाल्ड रॉजर्स यांनी १९६० मध्ये दाखविले की, हालचाल जितकी गुंतागुंतीची तितका ती सुरू होण्यापूर्वीचा काळ वाढतो. रचना करण्याचे मोल आरंभीच चुकते करावे लागते.

आपल्याकडील तालीम परंपरेला हे वेगळ्या शब्दांत अवगत आहे. 'तिरकिट' हे चार आघात शिष्याला आरंभी चार सुट्या गोष्टी म्हणून शिकविले जातात. पुढे तो एक बोल होतो, पुढे अनेक बोलांचा कायदा, आणि कायद्याचा विस्तार हाच एक विचार होतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ज्याला स्मृतीतील गठ्ठा म्हटले, तो हाच. गठ्ठ्यांची संख्या मर्यादितच राहते, प्रत्येक गठ्ठ्यातील ऐवज तेवढा वाढतो. बोल तोंडाने म्हणून मग हाताने वाजविण्याची पद्धत हे गठ्ठे पक्के करण्याचे अत्यंत प्रभावी साधन आहे. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांची साथ करणाऱ्या अहमदजान थिरकवांचा हात ज्यांनी ऐकला ते त्याच्या वेगापेक्षा स्वच्छतेविषयी अधिक बोलतात. आराखडा पक्का असल्याचीच ती खूण म्हणावी लागेल.

टंकलेखनातही हेच आढळते. एल. एच. शॅफर यांच्या प्रयोगांत कुशल टंकलेखकाला पुढचे एकच अक्षर दिसेल अशी व्यवस्था केली असता त्याचा वेग कोसळला आणि सुमारे आठ अक्षरे आधी दिसू लागताच तो पूर्ववत झाला. बोटे एका अक्षरावर असताना डोळे पुढे गेलेले असतात. शासनमान्य मराठी टंकलेखनाच्या मिनिटाला ३० व ४० शब्दांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची खरी अडचण बोटांची नसून नजर पुढे न जाण्याची असते, हे शिकविणारे जाणतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जियू झेंग आणि मार्कस मायस्टर यांनी २०२५ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात असा हिशेब मांडला की, टंकलेखनासारख्या नाना प्रकारच्या मानवी कृतींतून व्यक्त होणारी माहिती सेकंदाला अवघ्या १० बिटांच्या घरात असते, तर ज्ञानेंद्रियांकडून सेकंदाला सुमारे अब्ज बिट येत असतात. या आकड्यांवर मतभेद आहेत. एवढा मोठा फरक पडावा, याचे समाधानकारक कारण अद्याप कोणालाही देता आलेले नाही.

टंकलेखकाची ही 'पुढची नजर' खो-खोत कोठे असते? ती बसलेल्या अवस्थेत असते. बैठा गडी पळतीच्या खेळाडूची चाल, सहकाऱ्याचे अंतर आणि कोणत्या बाजूला उठावे लागेल याचा आराखडा खो मिळण्याआधीच रचत असतो. खो कानी पडेपर्यंत निर्णय झालेला असला तर उरते ती केवळ साधी प्रतिक्रिया. बसण्याच्या काळाला विश्रांती समजणारा संघ म्हणूनच हरतो. शालेय सरावात पळण्याला जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या एक दशांशही वेळ बसून पाहण्याच्या सरावाला दिला जात नाही.

अंदाज आणि अनुमस्तिष्क

संवेदना उशिरा पोहोचतात हे एकदा मान्य केले की, मेंदू भूतकाळावर नव्हे तर अंदाजावर चालतो हे ओघाने येते. डॅनियल वोलपर्ट, आर. सी. मिआल व मित्सुओ कावातो यांनी १९९८ मध्ये मांडल्याप्रमाणे मेंदूच्या मागील खालच्या भागात असलेला अनुमस्तिष्क हा हालचालीचा परिणाम आधीच वर्तविणारी अंतर्गत प्रतिमाने बाळगतो. दिलेल्या आज्ञेची प्रत त्याच्याकडे जाते आणि प्रत्यक्ष संवेदना येण्यापूर्वीच 'पाय आता येथे असेल' असे अनुमान निघते. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या नेत्रहालचाली नोंदविल्या. चेंडू सुटल्यानंतर त्यांची नजर चेंडूबरोबर न राहता टप्प्याच्या अपेक्षित जागेवर आधीच उडी घेते आणि निष्णात फलंदाजाची नजर तेथे लवकर पोहोचते, असे त्यांना दिसून आले.

कुशल आणि अकुशल यांच्यात फरक आहे तो येथे. कुशल आक्रमक पळतीच्या खेळाडूच्या चेहऱ्याकडे किंवा हातांकडे पाहत नाही. कंबर आणि टेकलेले पाऊल यांवरून वळण्याची दिशा आधी कळते, कारण शरीराचा भार जिकडे नाही तिकडे सहजी वळता येत नाही. मात्र अंदाज ही दुधारी गोष्ट आहे. जो अंदाजच करीत नाही त्याला हुलकावणी कमी फसविते, पण तो नेहमीच उशिरा पोहोचतो.

लक्ष दिल्याने होणारा बिघाड

पक्क्या झालेल्या आराखड्यात जाणीवपूर्वक हस्तक्षेप केल्यास तो पुन्हा सुट्या तुकड्यांत विस्कटतो. सायन बेलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉल खेळाडूंना चेंडू पायाने नेत असताना पायाच्या कोणत्या बाजूने स्पर्श झाला याकडे लक्ष देण्यास सांगितले. नवशिक्यांचे त्यामुळे नुकसान झाले नाही, परंतु अनुभवी खेळाडूंचा वेग मंदावला. अंतिम सामन्यात ऐनवेळी कसलेला गडी 'गांगरतो' त्याचे एक कारण हे आहे. तो अधिक काळजीपूर्वक खेळू लागतो.

मैदानाबाहेरून ओरडून दिल्या जाणाऱ्या सूचनांचा विचार या संदर्भात करणे आवश्यक ठरते. 'डावीकडे बघ', 'खो दे', 'वाक' या आरोळ्या धावत्या खेळाडूच्या दृष्टीने नवे संकेत असतात. त्या ऐकून, समजून, उत्तर ठरवीपर्यंत परिस्थिती बदललेली असते आणि त्याच अरुंद पुलावर पळतीच्या खेळाडूचा संकेत ताटकळत राहतो. प्रशिक्षक नकळत प्रतिस्पर्ध्याच्या वतीने हुलकावणी देत असतो. सूचना द्यावयाच्याच असतील तर त्या दोन डावांच्या मध्ये द्याव्यात, आणि त्या पायांविषयी नव्हे, तर समोरच्या खेळाडूविषयी असाव्यात.

सरावाच्या रचनेबाबतही हेच म्हणता येईल. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखविले की, एकच कृती सलग घोटण्यापेक्षा निरनिराळ्या कृती मिसळून केलेला सराव त्या दिवशी वाईट दिसतो, परंतु काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत सरस ठरतो. एकाच बाजूला वीस वेळा उठण्याचा सराव पाहावयास सुबक असतो, पण त्यात निवड नसते. शालेय मुलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रतिक्रियाकाल बालपणापासून विशीपर्यंत घटत जातो. दहा वर्षांच्या मुलाला महाविद्यालयीन खेळाडूच्या गतीने खो मिळाला तर तो उशिरा उठणारच. त्याला 'आळशी' ठरविणे हे शरीरशास्त्राचे अज्ञान होय.

मैदानाबाहेर

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेली वाडी मालवाहतुकीचे केंद्र आहे. ट्रक, गोदामे आणि त्यांच्यामधून दुचाकीवर महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी हे तेथील रोजचे चित्र. मैदानावर चुकलेल्या दोनशे मिलिसेकंदांची किंमत एक गुण असते. रस्त्यावर मात्र हिशेब वेगळा होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. प्रयोगशाळेत बोट कळीवर ठेवून संकेताची वाट पाहणाऱ्याला २०० मिलिसेकंद पुरतात. रस्त्यावर अनपेक्षितपणे पुढचा ट्रक थांबल्यास तो थांबल्याचे ओळखणे, हात व पाय ब्रेकवर नेणे आणि दाब देणे यांत एक ते दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच सुमारे ११ ते १७ मीटर अंतर संपलेले असते आणि ट्रकच्या मागे दुचाकी बहुधा त्याच्या निम्म्या अंतरावरही नसते.

जोनाथन लेव्ही, हॅरोल्ड पॅशलर आणि एर्विन बोअर यांनी २००६ मध्ये वाहनचालनाच्या आभासी यंत्रावर एक साधा प्रयोग केला. समोरच्या गाडीचे ब्रेकदिवे लागण्याच्या किंचित आधी चालकाला एक क्षुल्लक प्रश्न सोडवावयास दिला असता ब्रेक उशिरा दाबला गेला, आणि दोन्हींमधील अंतर जितके कमी तितका उशीर वाढला. पाय मोकळा होता, डोळे रस्त्यावर होते, तरीही पुलावर आधीचे वाहन होते. कानाला लावलेला किंवा शिरस्त्राणात खोचलेला मोबाईल हात मोकळे ठेवतो म्हणून सुरक्षित मानला जातो. हुलकावणीला फसलेल्या आक्रमकाचे हातही मोकळेच असतात.